इलोकानो आणि खोसा शेजारी ठेवून शिकताना: मराठी माणसासाठी पहिल्या आठ आठवड्यांची वाट

इलोकानो ही फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या उत्तर भागातली भाषा. लावाग, विगान ही तिची गावं. मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांच्या संख्येत त्या देशात तिचा नंबर तागालोग आणि सेबुआनोच्या पाठोपाठ, म्हणजे तिसरा. १९०६ पासून हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांत इलोकानो लोक मोठ्या संख्येने होते, त्यामुळे ती तिथेही रुजली. खोसा दक्षिण आफ्रिकेची. ईस्टर्न केप हे तिचं घर, वेस्टर्न केपमध्येही ती खूप ऐकू येते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८१ लाख लोकांनी, म्हणजे देशातल्या १६ टक्के लोकांनी, ती घरची भाषा म्हणून नोंदवली.

या दोघींचं नातं काहीच नाही. इलोकानो ऑस्ट्रोनेशियन कुळातली, खोसा बांतू. मग तुलना कशासाठी? भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन टोकांची उदाहरणं हवी असतात म्हणून. आणि जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाला इलोकानो बोलणारा सहकारी भेटतो, तेच जहाज केपच्या बंदराला लागलं की कानावर खोसा पडते, म्हणूनही. शिवाय या दोन भाषा मराठीच्या दोन वेगवेगळ्या खोड्या उचलून दाखवतात. त्या एकदा दिसल्या की शिकण्याचे निम्मे कष्ट वाचतात.

पुढचं सगळं एका वाक्यावर उभं आहे: इलोकानोत कारभार क्रियापदाच्या हाती, खोसात नामाच्या हाती. इलोकानोत क्रियापदाला लागणारे प्रत्यय आले की वाक्य आलं. खोसात नाम कुठल्या वर्गातलं हे कळलं की बाकीचे शब्द आपोआप रांगेत उभे राहतात. म्हणून दोन्हींसाठी एकाच पद्धतीची वही चालत नाही.

वही आणि वेळ

दोन वह्या करा. इलोकानोच्या वहीत प्रत्येक धातूला एक पान द्या आणि पानावर चार ओळी आखा: करणाऱ्याकडे लक्ष, केलेल्या वस्तूकडे लक्ष, ज्याच्यासाठी केलं त्याच्याकडे लक्ष, जिथे केलं त्या जागेकडे लक्ष. खोसाच्या वहीत प्रत्येक नाम जोडीनेच लिहा, एकवचन आणि अनेकवचन, आणि शेजारी ते क्रियापदाला कोणतं अक्षर चिकटवतं ते. नुसता 'कुत्रा म्हणजे इन्जा' असं लिहिलं तर तो शब्द वाक्यात वापरता येणार नाही.

एक दिवस इलोकानो, एक दिवस खोसा, रविवारी दोन्ही वह्या समोरासमोर. रोज ३० मिनिटं पुरतात: १० ऐकायला, १० मोठ्याने म्हणायला, १० लिहायला. एकाच बैठकीत दोन्ही भाषा घेऊ नका. पहिल्या तीन आठवड्यांत असं केलं की शब्द एकमेकांत मिसळतात.

दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहिल्या जातात आणि वाचायचं असेल तर तीच शिकायची. पण पहिल्या दोन आठवड्यांत उच्चारासाठी देवनागरी टिपण फार कामाचं, कारण प, फ, ब, भ असे वेगवेगळे खण आपल्याकडे तयार आहेत. खोसाच्या टिचक्यांसाठी, म्हणजे जीभ टाळूपासून सोडवताना होणाऱ्या टकटक आवाजांसाठी, मात्र वेगळी खूण लागते. या लेखात नुक्ता वापरला आहे: च़, ट़, ल़ या तीन टिचक्या. छ़, ठ़, ल़्ह ही त्यांचीच श्वास सोडून म्हटलेली रूपं. ज़ आणि ड़ ही पहिल्या दोघींची घोष, म्हणजे गळा थरथरवून म्हटलेली, रूपं. ख़ मात्र टिचकी नाही, तो घशात घासून काढलेला ख. झ हा 'झुलू'तला.

आधी तोंड तयार करा

इलोकानोचे उच्चार मराठी जिभेला सोपे. प, त, क श्वास न सोडता म्हणायचे, ते आपण तसेच म्हणतो. त आणि द म्हणताना जीभ ट-ड इतकी मागे नेऊ नका. काळजी चार गोष्टींची.

पहिली, शब्दाच्या सुरुवातीला येणारा ङ. तो आपल्याला 'वाङ्मय' मध्ये मधोमध माहीत आहे, सुरुवातीला नाही. 'वाङ्' हळू म्हणा, शेवटच्या ध्वनीवर थांबा आणि तिथून पुढचा स्वर जोडा: ङा, ङि, ङु. मग 'ङिपेन', म्हणजे दात. यात ग ऐकू आला तर चूक. दुसरी, जोडाक्षराचा दाब. 'पता' आणि 'पत्ता' मधला फरक आपण पाळतो, तोच इथे अर्थ बदलतो: उबिङ म्हणजे एक मूल, उब्बिङ म्हणजे मुलं. तिसरी, आघात. 'कायो' मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर लाकूड, दुसऱ्यावर दिला तर 'तुम्ही'. लिहिताना हा जोर सहसा दाखवत नाहीत, म्हणून नवा शब्द ऐकूनच वहीत घ्या आणि जोराच्या अक्षराखाली रेघ ओढा. चौथी, शब्दाच्या पोटातली आडवी रेघ. 'लाम्-एक', थंडी, यात म आणि ए जोडायचे नाहीत. मध्ये घसा क्षणभर बंद होतो. ती रेघ गाळली तर शब्द 'लामेक' होतो आणि ऐकणारा गोंधळतो.

ए हा स्वर उत्तरेत आपल्या ए सारखा येतो. दक्षिणेकडच्या बोलीत मूळच्या इलोकानो शब्दांत तो ओठ न गोल करता म्हटलेल्या ऊ सारखा ऐकू येतो. दोन्ही बरोबर. ज्यांच्याशी बोलायचं त्यांचा धरा.

आता खोसा, इथे थोडा वेळ द्यावाच लागतो. टिचकीचे ध्वनी एकूण १८: तीन जागा आणि प्रत्येक जागेचे सहा प्रकार. तिन्ही जागा मराठी तोंडाला ठाऊक आहेत, फक्त शब्दात वापरायची सवय नाही.

च़, रोमनमध्ये सी या अक्षराने लिहितात: वाईट बातमी ऐकल्यावर आपण जे चुकचुकतो, पालीच्या चुकचुकण्यासारखं, तेच. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे.

ट़, क्यू या अक्षराने: लहान मुलांना घोड्याच्या टापा ऐकवताना जीभ टाळूला लावून खाली आपटतो तो 'टॉक'.

ल़, एक्स या अक्षराने: बैलाला किंवा घोड्याला हाकताना गालाच्या बाजूने काढतात तो आवाज. जिभेचं टोक वर चिकटलेलंच राहतं, हवा बाजूने, दाढांकडून आत येते.

तिन्हींत घडतं एकच. जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकलेला, पुढचा भाग वर टेकलेला, मधली हवा कोंडलेली. जीभ किंचित खाली ओढली की तिथे पोकळी होते आणि पुढचं झाकण सुटताच आवाज होतो. श्वास त्यात लागत नाही. म्हणूनच टिचकी काढत असताना नाकाने गुणगुणता येतं. हे जमलं की न्च़, न्ट़ अशा नाकातल्या टिचक्या फुकटात मिळतात.

चुका इथे ठरलेल्या. टिचकी वेगळी काढून मग थांबून स्वर म्हटला जातो, 'च़… ए… ला' असा. टिचकी व्यंजन आहे, तिच्या पोटातूनच स्वर निघायला हवा. उपाय: स्वर आधी धरा. 'आ' चालू ठेवा आणि मध्येच टिचकी मारा: आट़ा, आट़ा, आट़ा. दिवसाला ५० वेळा, आठवडाभर. दुसरी चूक म्हणजे टिचकीच्या मागे कळत नकळत क येतो, 'ट़्का'. जिभेचा मागचा भाग जोराने सुटला की हे होतं. आवाज हळू काढा, क गळून पडेल. तिसरी चूक जास्त महागात पडते: टिचकी जमत नाही म्हणून तिच्या जागी क किंवा ख म्हणणं. मराठीत आपण 'खोसा' लिहितो ते सोयीपुरतं ठीक, पण बोलणारे स्वतःच्या भाषेला 'इसिल़्होसा' म्हणतात, बाजूची टिचकी आणि मागून श्वास. निदान हे नाव तरी नीट म्हणता यायला हवं.

कान तपासायला तीन शब्द पुरेत: च़ेला म्हणजे मागणे, ल़ेला म्हणजे सांगणे, इट़ेला म्हणजे गट किंवा संघ. हे तीन फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी न बघता ऐका आणि स्वतःलाच ओळखू येतात का पाहा. मग ट़ाला (सुरू करणे), ड़िबा (संपवणे), ठ़ुबा (हाकणे, चालवणे). महिन्याभराने जिभेला कसोटी हवी असेल तर खोसा मुलं म्हणतात ते वाक्य घ्या: 'इट़ाट़ा लाझिट़िकाट़िका क्वाझे क्वाठ़ावाका उठ़ोठ़ोठ़ो.' एक प्राणी लोळत राहिला, इतका की त्याचा घसा फाटला. 'ईट', 'चटक' अशा शब्दांतल्या ट ने ते म्हणायचा मोह होतो. तो टाळला तरच सरावाचा उपयोग.

गेबेऱ्हा म्हणून इंग्रजी बातम्यांत ऐकू येणारं शहर, म्हणजे २०२१ मध्ये नाव बदललेलं पोर्ट एलिझाबेथ, प्रत्यक्षात 'ड़ेबेख़ा' आहे. सुरुवातीला घोष टिचकी, शेवटी घशातला ख़. या एका नावात खोसाचे दोन अवघड ध्वनी एकत्र मिळतात. पाटीवरचं नाव बघून रोज एकदा म्हणा.

टिचक्यांच्या धाकाने एक मोठी सवलत नजरेआड होते. खोसात श्वास सोडून म्हटलेली व्यंजनं वेगळी आहेत आणि रोमनमध्ये ती 'एच' जोडून लिहितात. इंग्रजीच्या सवयीचा माणूस तिथे अडखळतो, आपण नाही. थाथा (घेणे) हे सरळ आपल्या थ ने. इखाया (घर) आपल्या ख ने. फिला (जगणे, बरं असणे) मात्र 'फूल' मधल्या ओठ मिटून काढलेल्या फ ने, 'फोन' च्या फ ने नव्हे. बाला म्हणजे मोजणे आणि भाला म्हणजे लिहिणे. इथला ब थोडा आत ओढलेला, पण ब आणि भ वेगळे ठेवले तरी काम भागतं. त, द म्हणताना जिभेचं टोक दातांऐवजी हिरडीला लावा. 'ह्ल' म्हणजे ल च्या जागी जीभ ठेवून बाजूने नुसती हवा सोडणं.

खोसात सूरही अर्थ बदलतो आणि तो लिहिला जात नाही. 'उयाफुन्दा' मधला पहिला उ खालच्या सुरात असेल तर 'तू शिकतोस', वरच्या सुरात असेल तर 'तो किंवा ती शिकते'. नवख्याने सगळे सूर पाठ करू नयेत, हा उ मात्र पहिल्या महिन्यातच कानात बसवावा. शेवटून दुसरं अक्षर लांबवलं की बोलणं निम्मं खोसासारखं वाटू लागतं.

शब्दांची तुलना करताना

शंभर मूळ शब्दांची स्वदेश यादी घ्या: अवयव, आकडे, पाणी, आग, माणूस. मॉरिस स्वदेश या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. पहिले पंधरा शब्द लिहिताच चित्र स्पष्ट होतं. डोळा: माता, इलिसो. पाणी: दानुम, अमान्झि. आग: आपुय, उम्लिलो. माणूस: ताओ, उम्न्तु. घर: बालाय, इन्द्लु. कुत्रा: आसो, इन्जा. जुळतं काहीच नाही.

तेच नात्यातल्या भाषांशी ताडून बघा. इलोकानोचा 'माता' तागालोगमध्ये आणि मलायमध्येही माताच, हवाईयनमध्ये माका. खोसाचा 'उम्न्तु' झुलूत उमुन्तु, स्वाहिलीत म्तु. नातं असं दिसतं, एका शब्दात नाही, ओळीच्या ओळीत.

इथे मराठी वाचक एका ठिकाणी हमखास फसतो. इलोकानोत दोन म्हणजे 'दुआ'. लगेच संस्कृत 'द्वौ' आठवतं आणि व्यापाऱ्यांनी शब्द नेला असावा असं वाटू लागतं. तसं नाही. हा आकडा ऑस्ट्रोनेशियन भाषांचा जुना, स्वतःचा आहे. मादागास्करच्या मालागासीत तोच 'रुआ' झालेला आहे. (मालागासी आफ्रिकेच्या किनाऱ्यापाशी बोलली जात असली तरी ती इलोकानोची बहीण, खोसाची नव्हे. नकाशावरचं अंतर बघून भाषांचं नातं ठरवू नये ते यासाठी.) तसंच 'ताता'चं: इलोकानोत वडीलधाऱ्या पुरुषाला ताता, खोसात वडिलांना ताता, आपल्याकडे तात. लहान मूल जगात कुठेही पा-पा, मा-मा, ता-ता यांनीच बोलायला लागतं, म्हणून हे शब्द तुलनेच्या यादीतून बाहेर काढा. 'लिमा' ही तिसरी फसवणूक: इलोकानोत पाच, खोसात शेत नांगरणे.

उसने शब्द वेगळ्या पानावर लिहा. ते नात्याचा पुरावा नसतात, पण इतिहास सांगतात. अंघोळीचा साबण घ्या. इलोकानोत 'साबोन', स्पॅनिशमधून आलेला. आपला 'साबण' कानाला इतका जवळचा वाटतो कारण त्याचा भाऊबंद पोर्तुगिजांच्या तोंडीही होता. खोसात 'इसेफा', आफ्रिकान्समधून, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डचपासून झालेल्या भाषेतून. कोकणातल्या सपाता आणि इलोकानोचं 'सापातोस' यांचंही तसंच.

खोसा: नामाला धरा

मराठीत 'माझा मोठा मुलगा आला, माझी मोठी मुलगी आली, माझं मोठं मूल आलं' असं बोलताना आपण लिंग प्रत्येक शब्दावर उमटवतो. खोसाचे नामवर्ग म्हणजे हेच, फक्त तीनाऐवजी डझनाहून जास्त आणि खूण शेवटी नसून सुरुवातीला. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे फार परकं वाटतं. आपण 'लिंग' या शब्दाऐवजी 'वर्ग' म्हणायचं आणि पुढे चालायचं.

एक मूल खेळतं आहे: उम्न्त्वाना ओम्खुलु उयाद्लाला (मोठं मूल खेळतं). मुलं झाली की अबान्त्वाना अबाखुलु बायाद्लाला. घोडा: इहाशे एलिखुलु लियाद्लाला. घोडे: अमाहाशे अमाखुलु अयाद्लाला. कुत्रा: इन्जा एन्कुलु इयाद्लाला. कुत्रे: इझिन्जा एझिन्कुलु झियाद्लाला. सहाही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि सारखी अक्षरं रंगवा. 'खुलु' हा 'मोठा'चा गाभा, पण कुत्र्याबरोबर तो 'कुलु' होतो. न च्या मागे आला की ख चा श्वास निघून जातो. हे न कळल्याने नवखे दोन वेगळे शब्द पाठ करत बसतात.

सुरुवातीला पाच जोड्या पुरेत. उम-/अबा- माणसांसाठी. उम-/इमि-, उम्थि-इमिथि, झाड-झाडं. इ-/अमा-, इगामा-अमागामा, नाव-नावं. इसि-/इझि-, इसित्या-इझित्या, भांडं-भांडी. भाषांची नावंही इसि- मध्येच, इसिल़्होसा, इसिझुलु. आणि इन-/इझिन- किंवा ईन-, इन्कोमो-ईन्कोमो, गाय-गायी. धातू नाम झाला की उकु-: उकुफुन्दा, शिकणं. पहिल्या दोन जोड्यांत एकवचन सारखंच दिसतं, म्हणून अनेकवचनाशिवाय नाम वहीत घेऊ नका असं वर म्हटलं.

'माझा'ही याच तालावर: उम्न्त्वाना वाम, इन्जा याम, इहाशे लाम, अबान्त्वाना बाम. आकडेही: अबान्त्वाना अबाबिनि, इझिन्जा एझिम्बिनि, दोन मुलं, दोन कुत्रे. इलोकानोत मात्र 'दुआ' कोणासाठी बदलत नाही.

क्रियापदात एक गोष्ट लगेच लागते. 'न्दियाफुन्दा' म्हणजे मी वाचतोय, वाक्य तिथेच संपलं. पुढे कर्म आलं की 'या' सहसा गळतो: 'न्दिफुन्दा इन्च़्वादि', मी पुस्तक वाचतो. 'न्दिया' पाठ झाल्याने नवखा माणूस तो सगळीकडे लावतो. नकारात दोन्ही टोकं बदलतात: अन्दिफुन्दि, मी वाचत नाही. धातूच्या शेपटीला खोसा जे जोडते ते मराठीच्या 'शिकणे-शिकवणे' सारखं: फुन्दा शिकणे, फुन्दिसा शिकवणे, थेङ्गा विकत घेणे, थेङ्गेला कोणासाठी तरी विकत घेणे, थेङ्गिसा विकणे.

इलोकानो: क्रियापदाला धरा

वाक्य क्रियापदाने सुरू होतं, कर्ता मागून येतो. नामापुढे एक छोटा शब्द: ती (मुख्य घटक), इती (बाकीचे), दागिती (अनेक), माणसाच्या नावापुढे नी. नामाला वर्ग नाही, लिंग नाही. अनेकवचनासाठी शब्दाचा पहिला तुकडा पुन्हा म्हणतात: पुसा मांजर, पुस्पुसा मांजरं, बालाय घर, बाल्बालाय घरं. हाच तुकडा क्रियापदात आला की काम चालू आहे: आग्बासा वाचणे, आग्बास्बासा वाचत असणे. आपल्या 'वाचतावाचता'ची आठवण येईल.

आता मुख्य भाग. मराठीत 'मी जेवलो' म्हणतो तेव्हा क्रियापद माझ्याकडे बघतं. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' म्हणतो तेव्हा ते माझ्याकडे पाठ फिरवून आंब्याकडे, पोळीकडे बघतं. इलोकानोत हीच निवड भूतकाळापुरती नसून सगळीकडे आहे आणि तिच्यासाठी वेगळे प्रत्यय आहेत. 'नाङानाक' म्हणजे मी जेवलो, शेवटी -आक. 'किन्नान्को ती माङ्गा' म्हणजे मी तो आंबा खाल्ला, आता 'मी' साठी -को. दोन्ही ठिकाणी 'मी'च, पण पहिला जेवलो मधला मी, दुसरा खाल्ला मधला मी. 'नाङान ती उबिङ इती माङ्गा' मध्ये मुलाने आंबा, कुठलाही, खाल्ला. 'किन्नान ती उबिङ ती माङ्गा' मध्ये तो आंबा, ज्याबद्दल आपण बोलतोय, मुलाने खाल्ला. इती आणि ती एवढ्याने फरक पडतो, म्हणून ऐकताना या दोन शब्दांवर कान ठेवा.

वहीतलं एक पान असं दिसेल, धातू 'गातान्ग', विकत घेणे (शेवटी ङ, ग ऐकू येऊ देऊ नका: गाताङ). करणाऱ्याकडे लक्ष: गुमाताङ, झालेलं असेल तर गिम्माताङ. वस्तूकडे लक्ष: गाताङेन, झालेलं गिनाताङ. ज्याच्यासाठी घेतलं: इगाताङान. जागा: पाग्गाताङान. 'गिम्माताङाक इती माङ्गा', मी आंबे घेतले. 'गिनाताङ्को ती माङ्गा', तो आंबा मीच घेतला असं नव्हे, तर 'त्या आंब्याचं काय झालं? मी घेतला'. खोसाच्या थेङ्गेलाशी इगाताङान ताडून बघा: दोघीही 'कोणासाठी' हे क्रियापदातच कोंबतात. या एका गोष्टीत त्या मराठीपेक्षा एकमेकींच्या जवळ आहेत.

चुका कुठे होतात? -को स्वरामागे आखडून -क होतो: नागान्को माझं नाव, पण आसोक माझा कुत्रा. नकार आला की 'मी' उडी मारून नकाराला चिकटतो: आग्बासाआक, मी वाचतो, साआनाक ङा आग्बासा, मी वाचत नाही. क्रियापदालाच चिकटवून ठेवलं तर वाक्य मोडतं. भविष्यासाठी शेवटी -तो: मापानाक्तो, मी जाईन. दोन शब्दांच्या मध्ये आ किंवा ङा हा दुवा लागतो, व्यंजनाआधी आ, स्वराआधी ङा: दाक्केल आ बालाय, मोठं घर; दाक्केल ङा आसो, मोठा कुत्रा.

आणि एक अस्सल भेट. इंग्रजीत नसलेला 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद इलोकानोत शाबूत आहे. माङान्तायो, आपण सगळे जेवूया. माङान्कामी, आम्ही जेवतो, तुम्ही नाही. शिवाय तिसरा, फक्त तू आणि मी: माङान्ता. तेव्हा इलोकानो वाक्याचा अर्थ वहीत मराठीतच लिहा. इंग्रजीत लिहिला तर हा फरक तिथेच हरवतो. खोसाला हा भेद नाही: सियात्या (आपण किंवा आम्ही जेवतो), एवढंच.

बोलायला लागताना

इलोकानोत: नाइम्बाग आ बिगात (सकाळी), नाइम्बाग आ मालेम (दुपारी), नाइम्बाग आ राबिई (रात्री). हो: वेन, नाही: साआन. आभार: अग्यामानाक, किंवा मनापासून असेल तेव्हा दिओस ती अग्ङिना. आनिया ती नागान्मो? तुझं नाव काय. मोठ्या माणसाला -मो नको, -यो: आनिया ती नागान्यो, अपो? 'अपो' हा आपल्या 'साहेब-बाई' पेक्षा मायेचा, 'जी' च्या जवळचा. थोड्या मोठ्या व्यक्तीला मानोङ (दादा) किंवा मानाङ (ताई). हे न लावता नुसत्या नावाने हाक मारणं उद्धटपणाचं. किंमत विचारायला मानो दायतोय?, हे केवढ्याला. उत्तरात आकडे बहुधा स्पॅनिश येतील, म्हणून माय्सा, दुआ, ताल्लो पाठ करतानाच उनो, दोस, त्रेसही करा.

खोसात नमस्कार: एकाला मोलो, अनेकांना मोल्वेनि. पुढे उन्जानि? (कसा आहेस?) आणि उत्तर न्दिफिलिले, एन्कोसि (बरा आहे, धन्यवाद). वडीलधाऱ्याला मोलो, ताता किंवा मोलो, मामा, समवयस्काला भुति (भाऊ), सिसि (बहीण). न्दिच़ेला अमान्झि: मला पाणी द्या. ओळख झाली की कुळाचं नाव विचारलं जातं आणि त्या नावाने हाक मारणं मानाचं समजतात. नेल्सन मंडेलांना मादिबा म्हणत ते याच रीतीने. लग्न झालेल्या बाईने सासऱ्याचं नाव, इतकंच काय त्यातली अक्षरंही, तोंडी न आणण्याची प्रथा आहे, तिला उकुह्लोनिफा म्हणतात. नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेणाऱ्या आपल्या आज्यांच्या नातवंडांना ती समजावून सांगावी लागत नाही. एखादी वयस्क खोसा बाई नेहमीच्या शब्दाऐवजी वेगळाच शब्द वापरताना दिसली तर ती चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका.

कळलं नाही तर गप्प राहू नका. इलोकानोत दिआक आम्मो (मला माहीत नाही), खोसात अन्दिट़ोन्दि (मला समजत नाही). दुसऱ्यात टिचकी आहे, ती नीट आली की समोरचा आपोआप हळू बोलायला लागतो.

ऐकण्यासाठी खोसाला उम्ह्लोबो वेनेने एफएम हे सरकारी रेडिओचं केंद्र आहे. रोज १० मिनिटं बातम्या लावा, अर्थ न शोधता फक्त क्रियापदांच्या सुरुवातीचे बा-, झि-, लि- मोजा. इलोकानो वाचनासाठी १९३४ पासून निघणारं 'बान्नावाग' नियतकालिक घ्या. त्यात के वापरून लिहिण्याची आजची पद्धत मिळते. जुन्या मजकुरात त्याच जागी स्पॅनिश धर्तीवर सी किंवा क्यू दिसतो. तिथे क वाचा, आणि खोसाची सवय लागलेली असेल तर टिचकी मारू नका.

आठव्या आठवड्याच्या रविवारी दोन्ही भाषांत हीच पाच वाक्यं रेकॉर्ड करा: माझं नाव अमुक, मला पाणी द्या, मुलं खेळतायत, मी वाचत नाही, मी पुस्तक वाचतो. इलोकानोच्या रेकॉर्डिंगमध्ये 'मी' योग्य जागी बसला का ते तपासा, खोसाच्या रेकॉर्डिंगमध्ये मुलांबरोबर 'बा' आला का ते. निरोपाची वाक्यं वेगळी पाठ करा, कारण खोसात ती माणसागणिक उलटतात: जाणारा म्हणतो साला काकुह्ले, नीट राहा, राहणारा म्हणतो हाम्बा काकुह्ले, नीट जा. दारातून बाहेर पडताना तुम्हीच हाम्बा म्हणालात तर यजमानालाच घराबाहेर पाठवलंत.